सामंतकाकांनी शिवलेला वेटसूट

जयपुरात, समुद्रापासून शेकडो मैल लांब, विद्याधर नगरातल्या आमच्या गच्चीवर सामंतकाका एका वेटसूटला शाम्पूनं आंघोळ घालत.

वेटसूट म्हणजे गार पाण्यात पोहताना घालायचा, स्पंजासारख्या जाड रबराचा घट्ट पोशाख. गोव्यात कुणीतरी फाटला म्हणून टाकून दिलेला तो सूट काकांच्या भाच्यानं आणला होता. गुडघ्याला बोटभर चीर, काखेत उसवलेली शिवण. काका मूळचे मालवणकडचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बदली होऊन आले ते इथलेच झाले. मी बँकेतली, साताऱ्याची, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे.

गंमत म्हणजे काकांचं पोट त्या सूटात मावणं शक्यच नव्हतं.

"काका, यात तुमचा एक पाय जाईल फक्त!"

"तुका काय कळता?" म्हणत ते सूट उलटा करून सावलीत टाकत. ऊन लागलं की रबर तडकतं, म्हणून आमचे कपडे उन्हात आणि सूट जिन्याच्या आडोशाला. झिपला मेणबत्ती घासायची. टांगायचा नाही, जाड हँगरवर कमरेत दुमडायचा.

"माझ्या साड्येक कधी हात लावल्यानी नाय," नलूकाकी म्हणायच्या, "आनि ह्या रबराक शाम्पू!"

पहिल्यांदा काकांनी पंक्चरवाल्या भैयाचं सोल्यूशन लावलं. दोन दिवसांत चीर पुन्हा तोंड उघडून हसायला लागली. मग आम्ही राजा पार्कात चपलांच्या दुकानी चिकटद्रव्य आणायला गेलो.

"जूता कहाँ है, साहब?" दुकानदारानं विचारलं.

काकांनी अख्खा सूट काउंटरवर पसरला. तो बघतच राहिला. "पूरे आदमी का जूता?"

घरी आल्यावर चिरेच्या आणि काखेतल्या शिवणीच्या कडांना पातळ थर लावला. दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा थर, पुन्हा थांबायचं. घड्याळ माझ्या हातात, आणि बोलायची बंदी. मग काकांनी श्वास रोखून कडा चिमटीत दाबल्या. एक दिवस वाळवून वरून बारीक टाके घातले, अर्ध्याच जाडीतून.

"सुई आरपार गेली की पाणी घुसला! पाण्याक फसवूक जमणा नाय."

दुसऱ्या दिवशी परीक्षा. सूटचे हातपाय सुतळीनं बांधले, आत पाणी भरलं आणि गच्चीच्या दांडीला लटकवला. तेवढ्यात खालून दूधवाला किंचाळला, "साहब! छत पे कोई लटका है!"

गल्ली गोळा झाली. काकांना त्याचं काही नव्हतं. ते त्या टम्म फुगलेल्या पायांना मिठी मारून ओरडत होते, "थेंब नाय! एक थेंब नाय!"

गर्दी पांगल्यावर ते माझ्याकडे वळले. "तू आनि नलू एकाच अंगाची. जरा घालून बघतंस?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. काकी समुद्रकाठी वाढलेल्या. इथेही रेल्वेच्या तलावात रोज पोहायच्या, संधिवात होईपर्यंत. डॉक्टर म्हणत, पोहा. पण गार पाण्यात सांधे आखडत. आठ वर्षं त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या.

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"आधी सांगूचा, आनि मगे फाटलो तर?" काका सूटकडे बघत म्हणाले. "माझ्या बदलीपायी तिचो समुद्र गेलो गो."

होळीनंतर तलाव उघडला. पहिल्याच रविवारी सकाळी मी काकींना त्या सूटात कोंबलं. अर्धा तास लागला.

"भरल्या वांग्यासारी दिसतंय मी!" त्या चिडल्या होत्या, पण पायऱ्यांपाशी कठडा धरून उतरू लागल्या. गुडघ्यापर्यंत पाणी. कमरेपर्यंत. काखेपर्यंत.

"शिरला? काखेत शिरला काय?" काका काठावरून ओरडत होते.

काकींनी तोंड पाण्यात घातलं आणि त्या निघाल्या. पलीकडच्या टोकाला हात लावला, वळल्या, पुन्हा आल्या. काका टॉवेल घेऊन, बूट भिजवत, काठाकाठानं त्यांच्या बरोबरीनं चालत होते. जाताना, येताना. तिसऱ्या फेरीला मात्र ते मध्येच थांबले आणि टॉवेलात तोंड लपवून उभे राहिले.

काकींनी पाण्यातून डोकं वर काढलं.

"अवो, थांबलात कित्याक? चला!"