साहेबांची खुर्ची

गल्लीत पाणी शिरायला लागलं की माणसं गाद्या, पिठाचा डबा आणि पोरांची दप्तरं वर उचलतात. आमचे शेजारी साळवेकाका आधी घडीची लोखंडी खुर्ची बाहेर आणत. गल्लीच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात ती मांडत आणि तिच्या पाठीला पुठ्ठा अडकवत, ‘साहेबांसाठी राखीव’. मग पँट दुमडून नगरपालिकेच्या कचेरीत जात आणि चिठ्ठी देत : ‘आपली खुर्ची मांडली आहे. पाणी उतरण्यापूर्वी येऊन बसावे.’ दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का पडल्याशिवाय ते तिथून हलत नसत.

ही नव्वदनंतरच्या सात-आठ वर्षांतली गोष्ट, नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली. काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण तोंडातली घोषणा गेली नाही. गल्लीच्या टोकाचा ओढा चढला की ओट्यावर उभं राहून सांगायचे, “इकडं लक्ष द्या. वरच्या वॉर्डातून येनारं पानी मोरीपाशी आलंय. धा मिन्टात आपल्या गल्लीत लागंल. म्हाताऱ्या मानसांनी माज्या गच्चीवर यावं.” आम्ही पोरं हसायचो. पण स्टोव्ह कधी विझवायचा हे आयाबाया त्या घोषणेवरच ठरवत.

दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडे. रस्ता वर जाई आणि आमचे उंबरे खाली राहत. ओढा रस्त्याखालून जायचा त्या मोरीचा पाइप एवढासा, की एक बाभळीची फांदी अडकली तरी गल्लीचं तळं व्हावं. कचेरीच्या कागदावर मात्र नालेसफाई मे महिन्यातच पूर्ण झालेली असे. विचारायला जावं तर एक टेबल म्हणे, रस्ता आमचा, मोरी दुसऱ्या खात्याची. दुसरं टेबल म्हणे, मोरी आमची, पण पाणी कुठे आमचं? आईचं लग्नातलं पातळ आणि माझ्या दहावीच्या वह्या त्या घाण पाण्यात गेल्या. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

काकांचं डोकं फिरत नसे. “गाडी लेट झाली की पब्लिक कंट्रोलरच्या खिडकीला येतंय,” ते म्हणत. “आमी कधी म्हनलो का, ही खिडकी माजी न्हाई? मानूस समोर बसला पायजे. मग त्याला बरोबर ऐकू येतं.”

पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली जमे. कोपऱ्यावरच्या सखूबाईंना काका पाठुंगळी घेऊन जिना चढत आणि वर चढेपर्यंत दोघं भांडत. काकू पातेलंभर पिठलं टाकत, भाकरी ज्याच्या त्याच्या घरच्या. काकू वारल्यावर पिठलं काका टाकू लागले. ते खारट व्हायचं, पण कुणी काही बोललं नाही.

त्यांचा मुलगा नगरला, सावेडीत राहायचा. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. तिकडे चला म्हणून दर दिवाळीला तो हट्ट धरी. काकांचं उत्तर ठरलेलं. साहेब खुर्चीत बसल्याशिवाय मी गल्ली सोडणार नाही.

आणि एका वर्षी साहेब आले. नवीनच बदलून आलेले, पुणतांब्याचे, नदीकाठी वाढलेले. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात बूट. सरळ पाण्यात चालत आले आणि खुर्चीत बसले. काका बघतच राहिले. इतकी वर्षं खुर्ची मांडली, पण साहेब बसल्यावर बोलायचं काय, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, “चहा घेनार का?”

साहेब पाणी उतरेपर्यंत बसले. दोन तासांत सगळ्या गल्लीने त्यांना सगळं ऐकवलं, सखूबाईंनी तर गच्चीवरून ऐकवलं. उठताना ते म्हणाले, “ही मोरी आजपासून माझी. माझं नाव लिहून ठेवा.” आणि उन्हाळ्यात पाइप निघाला, बैलगाडी आरपार जाईल एवढी मोरी झाली.

पुढच्या पावसाळ्यात ओढा चढला आणि गुमान मोरीखालून निघून गेला. काका ओट्यावर उभे होते. थोड्या वेळाने आत गेले. दिवाळीला मुलगा आला, तेव्हा त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. गच्चीला कुलूप लावून ते सावेडीला गेले.

त्यानंतरच्या जुलैत एका दुपारी जोराचा पाऊस लागला आणि आमच्याकडे फोन वाजला.

“कुठवर आलंय रे?”

“काका, नाही आलं. एक थेंबही नाही.”

मग म्हणाले, “बरं झालं. लई बरं झालं.” आणि पुढे, “हितं पाऊस आला की सगळी दारं लावून घेत्यात बघ. कुनी कुनाकडं येत न्हाई.”

आईने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

“भाऊ, त्याला काय कळतंय? सखूबाईंच्या उंबऱ्याला लागलंय पाणी. तुमच्या गच्चीला कुलूप. आम्ही जायचं कुठं?”

बाहेर गल्ली नुसती ओली होती. पण काकांचा आवाज मला एवढ्या लांबून स्पष्ट ऐकू आला. “म्हातारीला कॉटवर बसवून ठेवा. एकटीला जिना चढू देऊ नका. तीनची गाडी हाय, मी निघालो.”

आईने फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि छत्री घेऊन सखूबाईंना सांगायला गेली, की आज तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलंय.