शालींखालचा हिमालय

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळा असा पडायचा की सरडेसुद्धा तापलेल्या दगडावर आळीपाळीने एकेक पाय उचलून उभे राहायचे. त्या जंगलात कोल्हेसाहेबांनी कुत्रा पाळला.

आता कोल्ह्याने कुत्रा पाळायचा, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण मोठ्या लोकांची हीच तर गंमत असते. ज्याला भ्यायचं त्यालाच दारात बांधायचं आणि पाहुण्यांना म्हणायचं, "काही करत नाही हो, या आत!"

कुत्रा साधासुधा नव्हता. बर्फाच्या मुलुखातला. निळे डोळे, झुबकेदार शेपूट, अंगावर केसांचे दोन थर. आतला लोकरीसारखा मऊ, वरचा राठ. तिकडे याचे वाडवडील बर्फावरून ओझ्याच्या गाड्या ओढायचे. इकडे ओढायला काही नव्हतं. समोरच्या तरसाने विलायती मांजर आणलं होतं, म्हणून त्याच्यावर कडी करायला कोल्हेसाहेबांनी हा आणला, एवढंच. नाव ठेवलं हिमालय. जंगलाने लगेच त्याचं हिम्या करून टाकलं.

शेजारी नदीकाठच्या उघड्या खडकावर टिटवी राहायची. टिटवीला घरटं नसतं, ठाऊक आहे ना? जमिनीवरच अंडी घालायची आणि राखत बसायचं. घराला भिंती नसल्या की नजर जाणार कुठे? दुसऱ्याच्या घरात! लोक त्याला भोचकपणा म्हणत. टिटवी त्याला लक्ष ठेवणं म्हणायची.

"वहिनी, खातो काय हो हा?" तिने पहिल्याच दिवशी गुहेत डोकावून विचारलं.

"तूपपोळी," कोल्हीणवहिनी म्हणाल्या. "आणि दुपारी वाटीभर श्रीखंड."

"आणि पोट?"

"ते तेवढं बिघडलेलं असतं."

हिम्याचे केस झडायचे. असे झडायचे की वहिनींच्या घरात कोणी गादी पिंजायला बसलंय असं वाटावं. आमटीत केस, अंथरुणात केस, कोल्हेसाहेबांच्या मिशीला पांढरी मिशी. जो तो येऊन सांगायचा, "भादरून टाका त्याला! बिचाऱ्याला केवढं उकडत असेल!" हिम्या कळवळून म्हणायचा, "नका हो, तेच माझं छप्पर आहे. ऊन त्याच्यावरच अडतं." पण कुत्र्याला केसांतलं काय कळतं?

कोल्हेसाहेब त्याला फिरवायला न्यायचे ते भर दुपारी. हिम्या चटके बसून नाचत नाचत चालायचा. लोक म्हणायचे, काय ऐटदार चाल आहे!

टिटवीला राहवेना. "साहेब, पहाटे फिरवा की हो. पोराचे पाय भाजतात."

"पहाटे बघायला कोण असतं, टिटवीबाई?" कोल्हेसाहेब म्हणाले.

मग हिम्या घरी येऊन गुहेची जमीन उकरायचा आणि खालच्या गार मातीला पोट लावून पडायचा. कोल्हेसाहेबांना वाटलं, धन हुंगतोय. ते बिचारे आणखी खोल उकरून बघायचे. आणि दिवेलागण झाली की हिम्या बाहेर यायचा, मान वर करायचा आणि लांबलचक सूर लावायचा. ऊऽऽऽऽ!

इथेच सगळा घोळ झाला.

त्या जंगलात पाळण्यातल्या पिल्लालाही एक गोष्ट ठाऊक होती. कुत्रं भुंकलं तर चोर येतो आणि कुत्रं रडलं तर मरण येतं. ज्याच्या दाराकडे तोंड करून रडेल, त्याच्या घरचा एक जण गेलाच म्हणून समजा. हिम्याचं तोंड असायचं उत्तरेकडे. आणि उत्तरेला राहायचे अस्वलअण्णा, जंगलाचे सरपंच.

अण्णांना काही झालेलं नव्हतं. पाठीला खाज होती, ती जन्मापासूनची. पण दोनचार संध्याकाळी तो सूर ऐकून त्यांनी अंथरूण धरलं. लोक भेटायला यायला लागले. उशाशी बसून एकमेकांना सांगायला लागले, "फार चांगले होते हो अण्णा."

"अजून आहे मी!" अण्णा ओरडायचे.

"बघा, बोलायचेसुद्धा असेच."

टिटवी मात्र तडक हिम्याकडे गेली. विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. "अरे मेल्या, तिन्हीसांजेला रडतोस कशाला?"

"मी रडत नाही, मावशी," हिम्या म्हणाला. "हाक मारतो. आमच्याकडे अशीच मारतात. मग लांबून कोणीतरी ओ देतं."

"इथे कोण देणार ओ?"

"कोणी नाही. म्हणून तर रोज मारतो."

टिटवीने मान फिरवली आणि उगाच जमिनीवर चोच मारली. किडा दिसला होता, असं ती स्वतःला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. अण्णांना खाटेवरून आणलं. अण्णा म्हणाले, "या रडव्याला माळापलीकडे हाकला. आत्ताच्या आत्ता."

माळ म्हणजे नुसता तापलेला तवा. ना झाड, ना पाणी. आणि महिना वैशाखाचा. असल्या दाट केसांचा जीव माळाच्या पलीकडे पोचणारच नाही, हे टिटवीला लख्ख दिसलं. तिने कोल्हेसाहेबांकडे पाहिलं. साहेब झाडाचा शेंडा बघत होते.

"अण्णा, तो रडत नाही," टिटवी म्हणाली. "तो हाक मारतो."

माकड फांदीवरून फिसकन हसलं. "ऐका! एका अपशकुनाला दुसऱ्याची साक्ष!"

सगळे खदखदले. कारण टिटवी ओरडली की वाईट होतं, असंही ते जंगल मानायचं. त्यामुळे तिने खरं सांगून उपयोग नव्हता. हे ध्यानात आल्यावर टिटवीने एक ठेवणीतली थाप काढली.

"मेल्यांनो, रडणं कुठलं आणि गाणं कुठलं, एवढंही कळेना तुम्हाला? तो गातो! उत्तरेकडचं जुनं घराणं आहे त्याचं. लांब सुराचं!"

जो तो शेजारच्याचं तोंड बघू लागला. गाणं कळत नाही, असं पहिल्यांदा कबूल कोण करणार?

कोल्हेसाहेबांची नजर झटकन शेंड्यावरून खाली आली. "आम्ही मुद्दामच काही बोललो नाही. म्हटलं, जाणकारांच्या लक्षात येईलच."

"माझ्या तर पहिल्याच दिवशी आलं होतं," अण्णा खाटेवर उठून बसले. "षड्ज काय लागतो त्याचा!"

"मग अंथरूण कशाला धरलंत?" टिटवीने विचारलं.

"पडून ऐकत होतो."

झालं! हाकलणं रद्द. पण बाहेरून आलेल्याचं काय करायचं, याचे त्या जंगलाला दोनच प्रकार माहीत होते. एक हाकलणं, दुसरा सत्कार. म्हणून सत्कार ठरला.

नदीकडे उतरणाऱ्या घसरणीवर मंडप उभारला. सागाच्या गोल ओंडक्यांवर फळ्या टाकून व्यासपीठ केलं, श्रोते दोन्ही बाजूंना बसवले. प्रमुख पाहुणे रानडुक्कर फक्त दुपारचेच मोकळे होते, म्हणून वेळ भर दुपारची. उत्सवमूर्ती पळून जाऊ नये म्हणून कोल्हेसाहेबांनी तिला व्यासपीठाच्या पुढे, जमिनीवर उभं करून दोराने व्यासपीठाच्या खांबाला बांधलं. दोर छातीवरून घेतला होता, शोभेसाठी.

अण्णांनी शाल घातली. लोकरीची. मग तरसाने घातली, अण्णांपेक्षा जाड. मग लांडोरींच्या महिला मंडळाने घातली. मग हरणांच्या वाचनालयाने, सशांच्या तालीम संघाने. वरून झेंडूचा हार, डोक्याला फेटा, पुढ्यात नारळ. शालींच्या ढिगातून हिम्याचं फक्त तोंड दिसत होतं आणि तोंडातून हातभर जीभ.

सूत्रसंचालन माकडाकडे होतं. "मित्रहो, बघा! कलावंत किती भावुक झालेत! त्यांना श्वासही घेववत नाहीये!"

टाळ्या पडल्या.

हिम्याचे डोळे वर फिरायला लागले. "समाधी लागली!" कोणीतरी पुटपुटलं, आणि पुढच्या रांगेने हात जोडले.

टिटवीने ते डोळे पाहिले. माळापासून पोराला वाचवलं आणि इथे आणून शिजवलं की मी! ती मंडपावर घिरट्या घालत किंचाळायला लागली, "शाली काढा त्याच्या! पाणी द्या! टिटीव, टिटीव!"

"शुभकार्यात ओरडू नका हो," कोल्हीणवहिनी म्हणाल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं.

अण्णा भाषणाला उभे राहिले होते. टिटवी सरळ हिम्याच्या फेट्यावर येऊन बसली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"हिम्या, पळ रे!"

"बांधलंय, मावशी," हिम्या कसाबसा म्हणाला.

"कशाला?"

"व्यासपीठाला."

टिटवीने मागे वळून पाहिलं. व्यासपीठावर अण्णा, रानडुक्कर, तरस आणि कोल्हे दांपत्य. खाली गोल ओंडके. पुढे घसरण. घसरणीच्या पायथ्याशी नदीचा गार डोह.

"मग ओढ," ती म्हणाली.

हिम्याने कान टवकारले. या जंगलात आल्यापासून त्याला सगळे 'बस' म्हणाले होते, 'पंजा दे' म्हणाले होते, 'गाऊन दाखव' म्हणाले होते. हा शब्द कोणी काढला नव्हता.

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं! अध्यक्षांसकट!"

अण्णा नेमके म्हणत होते, "मी आपला फार वेळ घेणार नाही." आणि मुलांनो, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शब्द पाळला. हिम्याने छाती दोरावर टाकली, नखं मातीत रोवली. ओंडके करकरले, हलले आणि सुटले. मंडप मागे राहिला. टाळ्या मागे राहिल्या. माकड पुढच्या वक्त्याचं नाव चिठ्ठीत शोधत असतानाच वक्ता त्याच्यासमोरून निघून गेला. धबाक!

थोडा वेळ डोहावर नुसते बुडबुडे होते. मग एकेक डोकं वर आलं. शाली तरंगत तरंगत खालच्या गावाकडे निघून गेल्या. हिम्या काठच्या उथळ पाण्यात पोट टेकून पडला होता आणि घटाघटा पाणी पीत होता.

"हळू पी, ठसका लागेल," टिटवी त्याच्यावर खेकसली.

"अहाहा!" रानडुक्कर म्हणालं. सबंध कार्यक्रमातलं ते एकमेव मनापासूनचं भाषण. अण्णा गळ्यापर्यंत पाण्यात डोळे मिटून बसले. त्यांची जन्माची खाज थांबली होती. संध्याकाळपर्यंत कोणीच बाहेर आलं नाही.

"चल रे घरी," अखेर कोल्हेसाहेब हिम्याला म्हणाले. हिम्याने नाकापर्यंत बुडी मारली. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज चढवला. "आम्ही याला नदीवरच ठेवणार आहोत. असं पहिल्यापासूनच ठरलं होतं."

तेव्हापासून हिम्या काठावरच्या जांभळीच्या सावलीत राहतो. श्रीखंड बंद, मासळी चालू. अजून उजाडायचं असतं तेव्हा तो फळ्यांची गाडी ओढत अख्ख्या रानाला वळसा घालतो. गाडीत कोल्हेसाहेब बसलेले असतात, कारण आता पहाटेही बघायला लोक जमतात. कोणत्या वळणावर हळू घ्यायचं, ते टिटवी वरून उडत सांगत असते. तिला कोणी विचारलेलं नसतं.

तात्पर्य: मुलांनो, एखाद्याचा जीव घ्यायचाच असेल तर त्याला हाकलू नये, त्याचा सत्कार करावा. परिणाम तोच होतो, शिवाय नारळ मिळतो. मुका जीव पाळलात तर त्याला काय हवं ते त्याला विचारू नये, शोभा कमी होते. आणि शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते परीक्षेत लिहावं, मार्क मिळवावेत, आणि घरी आल्यावर खुशाल डोकावावं.