खंडोजींचं विमान आणि जटायूचं आख्यान

"पाचला गिऱ्हाईक येईल, सव्वापाचला विमान घराबाहेर, सहाला बुवा उभे! त्यात अवघड ते काय?" खंडोजी छाती फुगवून म्हणाले.

त्यांच्या बायकोला, सोयराबाईंना, ते अवघडच दिसत होतं. विमान म्हणजे काही खेळणं नव्हे, मंडळी! पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल, रेडिओवर चालणारी. खंडोजींनी मोठ्या हौसेनं केलेली. पंख एवढे की बसवनगुडीच्या त्या सोप्यात आता फक्त देव्हारा तेवढा उरला होता! आणि आज एकादशी, इथंच बिंदुमाधवबुवांचं कीर्तन.

"आज हे गेलं नाही, तर पुढच्या एकादशीपासून कीर्तन शेजारच्या अंबूबाईंकडे. मी सांगून ठेवलंय त्यांना!" सोयराबाईंनी बजावलं.

कीर्तनासाठी हा माणूस पार लांब येलहंक्यापर्यंत सायकल हाणायचा. त्याच्या घरचं कीर्तन शेजारी जाणार?

पाच वाजले. साडेपाच वाजले. गिऱ्हाइकाचा पत्ता नाही. बुवा मात्र वेळेआधी हजर! घाईघाईनं विमान भिंतीशी सरकवून त्यावर लग्नातला शालू टाकला. अंबूबाईंनी आल्या आल्या त्यावर फुलं वाहिली.

"काय सजावट केलीय हो, खंडोजीअण्णा!"

पूर्वरंग संपला, बुक्का लागला, आणि दारात गिऱ्हाईक! शेषगिरी नावाचे कानडी गृहस्थ, मराठीचा गंध नाही. खंडोजींनी विमान चालवायचा बटणाचा डबा त्यांच्या हातात कोंबला. "स्वल्प थांबा, आख्यान होऊ दे!"

"सरी, सरी," म्हणजे ठीक ठीक, म्हणत ते बसले आणि खंडोजी त्यांना साफ विसरले. विसरणारच! जटायूचं आख्यान लागलेलं. पंख छाटलेला तो पक्षी, त्याला मांडीवर घेतलेले प्रभू... खंडोजींच्या डोळ्यांना धारा.

बुवांनी टाहो फोडला, "तात जटायू, एकदा तरी हला हो!"

कंटाळलेल्या शेषगिरींनी नेमकं तेव्हाच बटण दाबून बघितलं.

शालूखाली खडखड! फडफड! फुलं उडाली!

"हलला! जटायू हलला!" सगळ्यांत आधी कोण ओरडलं? खंडोजी! विमानाची ती हलणारी शेपटी ज्यांनी स्वतःच्या हातांनी बसवली, तेच साष्टांग आडवे! मग काय, अंबूबाई उठल्या, सगळी सभा उठली, तबलजीनं तबला सोडून हात जोडले. बुवा पुढचं पद विसरले. शेषगिरींना वाटलं, आपण काहीतरी मोडलं. ते बिचारे थांबवायला पुन्हा बटण दाबायचे. पुन्हा फडफड, पुन्हा जयजयकार!

शेवटी सोयराबाईंनीच शालू ओढला.

"अगं बाई! हे तर विमान!" अंबूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

शेषगिरी मात्र खूश. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "अच्छा चलता है. मैं लेता. अभी ले जाऊँ?"

"न्या, न्या!" खंडोजी म्हणतात न म्हणतात तोच बुवांनी त्यांचा दंड धरून त्यांना कोपऱ्यात ओढलं.

"हे विकलंत, तर पुढच्या एकादशीला मी यायचा नाही!"

"अहो बुवा, पण हा जटायू नाही, विमान आहे..."

"असू दे हो!" बुवा कुजबुजले. "इतकी वर्षं हे आख्यान लावतोय. एकही श्रोता पेंगला नाही, असं आज पहिल्यांदा झालं!"