पास झालेला ड्रम

"रविवारी जेवायच्या वेळेपर्यंत हा ड्रम तयार झाला नाही, तर मागची खोली माझी," चहाचा कप ड्रमच्या झाकणावर ठेवत काकू म्हणाल्या. "तुमची सगळी हत्यारं माझा दादा टेम्पोत घालून घेऊन जाईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

काकांनी आधी कप उचलून झाकण पुसलं आणि मग बायकोकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

मागची खोली म्हणजे काकांचं राज्य होतं आणि त्या राज्यात काहीही पुरं होत नसे. तिथे तीन पायांवर थांबलेलं एक स्टूल होतं, फळ्या नसलेलं पुस्तकांचं कपाट होतं आणि पक्ष्यांसाठी केलेलं एक घरटं होतं, ज्याला भोक पाडायचं राहून गेलं होतं. इकडे काकूंचं शिलाई मशीन जेवणाच्या टेबलावर संसार थाटून बसलेलं. जेवायची वेळ झाली की मशीन खाली, जेवण झालं की मशीन वर. कधी आमटीत दोरा सापडायचा, कधी ब्लाउजवर आमटी. काकूंनी हे बरीच वर्षं सोसलं होतं, आणि आता नवरा रिटायर होऊन दिवसभर घरातच असणार म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला होता.

काका आयुष्यभर ड्रमच्या कारखान्यात अस्तर तपासनीस होते. फळांचा रस, मध, खाण्याचं तेल असा माल ज्या पोलादी ड्रममधून जातो, त्यांना आतून मधाच्या रंगाचं एक पातळ अस्तर असतं. ते भट्टीत भाजून पक्कं करतात. ते अस्तर खरवडायचं, ठोकायचं, उकळत्या पाण्यात आणि नाही नाही त्या औषधांत बुडवायचं आणि तरीही निघालं नाही तरच ड्रम पास करायचा, हे काकांचं काम. त्यावरून सगळी गल्ली त्यांना अस्तरकाका म्हणायची, आणि काकांना ते आवडायचं.

निरोपाच्या वेळी मालकांनी विचारलं, "काय देऊ आठवण म्हणून?" इतर लोक घड्याळ मागतात. काकांनी ड्रम मागितला. मांस आणि मासे मंद धुरावर शिजवायचा स्मोकर घरी बनवायचा, हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. ड्रमच्या तळाशी विस्तव, वर जाळी, त्यावर झाकण. सोपं काम. फक्त आधी आतलं अस्तर काढायला हवं, नाही तर तापल्यावर ते जेवणात उतरणार.

ड्रम निवडायला काका स्वतः गोदामात गेले आणि तिथेच घात झाला. एक ड्रम त्यांनी काठाशी अस्तर पातळ म्हणून नाकारला. दुसऱ्यात बारीक बुडबुडे दिसले. तिसऱ्याचा रंग सारखा नव्हता. शेवटी अख्ख्या गोदामातला सगळ्यात उत्तम अस्तराचा ड्रम शोधून, त्यावर बोटाची टिचकी मारून, ते समाधानाने घरी घेऊन आले. ज्याला चीत करायचं, तोच पैलवान त्यांनी हौसेने निवडून आणला होता.

सुरुवात छान झाली. तळाशी हवेसाठी भोकं पाडून झाली आणि काकूंनीही दारातून डोकावून "अरे वा" म्हटलं. मग काकांनी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन अस्तराला हात घातला. दिवसभर घासलं. संध्याकाळी ड्रमच्या आत पाहिलं तर स्वतःचा चेहरा दिसला.

"इतका चकचकीत कशाला केलात?" काकूंनी विचारलं. "आरसा लावायचाय का त्यात?"

"अस्तर आहे ते. निघत नाहीये."

"चांगलं आहे म्हणजे."

"चांगलं म्हणजे काय," काकांचा चेहरा नकळत खुलला, "असं अस्तर आमच्याशिवाय कोणी देत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंग काढायचं औषध आणलं. दुकानदाराने बजावलं होतं, हे हाताला लागलं तर कातडं सोलून निघेल. काकांनी अख्खा डबा ड्रममध्ये ओतला, ब्रशने औषध सगळीकडे फिरवलं आणि ड्रम झाकून ठेवला. उघडल्यावर असं दिसलं की ब्रशचे केस गळाले आहेत, डब्याचा रंग उडाला आहे, काकांच्या चपलेचा अंगठा विरघळला आहे आणि अस्तर जसंच्या तसं आहे. उलट धूळ गेल्यामुळे जरा उजळलंच होतं.

"पालथ्या घड्यावर पाणी," काकू म्हणाल्या.

मग ड्रिलला तारेचा ब्रश लावला. ड्रिल किंचाळलं, कण्हलं, त्यातून निळसर धूर आला आणि ते कायमचं शांत झालं. मागच्या खोलीतलं एकमेव पूर्णावस्थेतलं हत्यार होतं ते. काका पायरीवर बसून राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? त्यांना खोली जाण्याचं दुःख होतं, पण त्याच वेळी आत कुठेतरी छाती फुगत होती, आणि या दोन्हीमुळे त्यांना जेवण जाईना.

शनिवारी सकाळी काकूंनीच विषय काढला. "तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगायचात? आठवा जरा."

"काय?"

"घराला आग लागली तरच हे अस्तर जाईल म्हणून. फुशारक्या मारायचात ना?"

काका ताडकन उठले. आग. इतकी साधी गोष्ट. अंगणाच्या मधोमध विटांवर ड्रम उभा केला, झाकण काढलं आणि घरातलं सरपण आत टाकून पेटवलं. ज्वाळा उठल्या, अस्तर तपकिरी झालं, मग काळं झालं, पण हटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ काका डोळ्यांनी पाहत होते. एवढ्यात लाकडं संपली.

"आणखी हवीत," काका इकडेतिकडे बघत म्हणाले. "मोठा जाळ हवा. एकदम."

"थांबा," असं म्हणून काकू मागच्या खोलीत गेल्या आणि तीन पायांचं स्टूल घेऊन आल्या.

"अगं, त्याचा चौथा पाय करायचाय मला."

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून करायचाय."

स्टूल गेलं. मग कपाट गेलं. भोक नसलेलं घरटं काकांनी क्षणभर छातीशी धरलं आणि मग स्वतःच्या हाताने आत टाकलं. काकूंच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. त्या एकामागून एक अर्धवट वस्तू आणत होत्या आणि प्रत्येक फेरीला त्यांचा चेहरा उजळत होता. जाळ छपराइतका उंच गेला. जुन्या रंगरोगणाचा काळाकुट्ट धूर उठला आणि कुंपणावरून सरळ शेजारच्या मोठ्या बाईंच्या अंगणात शिरला. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी त्याच सकाळी घरातले सगळे पांढरे पडदे धुऊन वाळत घातले होते.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी शांतपणे फोन उचलला आणि अग्निशमन दलाला कळवलं की शेजाऱ्यांचं डोकं फिरलंय, दोघं मिळून घरातलं फर्निचर जाळतायत.

बंब घंटा वाजवत आला. जवान उतरले, पाइप उलगडला, आणि एक जाडजूड मिशांचे साहेब फाटकातून आत आले.

"आग कुठे लागलीय?"

"लागली नाहीये. लावलीय," काका म्हणाले.

"कोणी?"

"मी."

"आणि मी," मागून काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात चपलांच्या मांडणीची एक बाजू होती.

"कशासाठी?"

"अस्तर काढायला. साहेब, थोडंच राहिलंय. वरचं सगळं करपलंय, तळाशी जरा दम धरून आहे. एवढं जळू द्या."

"आजोबा, माझं काम आग विझवायचं आहे."

"कबूल. पण जरा थांबून विझवा ना. तळाला अजून ताव बसला नाहीये."

साहेबांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत आग विझवू नका अशी विनवणी कधी ऐकली नव्हती. त्यांनी एकदा काकांकडे, एकदा मांडणीकडे पाहिलं आणि हात वर केला. पाण्याचा लोट ड्रमवर आदळला.

आधी फस्स झालं. मग आतून तडतड तडतड असा आवाज सुरू झाला. पांढऱ्या वाफेत अंगण, साहेब आणि काकू सगळे दिसेनासे झाले. काकांनी मनातल्या मनात हिशोब केला. संपलं. खोली गेली, हत्यारं गेली, आता मेहुण्याच्या टेम्पोमागे हात हलवत उभं राहायचं, एवढंच उरलं होतं.

वाफ विरली तसं काकांनी पुढे होऊन ड्रममध्ये डोकावलं. तापलेल्या पोलादावर गार पाणी पडलं होतं, आणि भाजून कडक झालेलं अस्तर कांद्याच्या सालीसारखं उलगडून तळाशी पडलं होतं. आत स्वच्छ, करडं, उघडं पोलाद होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काका आपल्या कारखान्याच्या ड्रमची खरी कातडी पाहत होते.

"निघालं," ते पुटपुटले. मग साहेबांचा हात धरून म्हणाले, "साहेब, त्या डाव्या अंगाला एक फवारा आणखी मारता का? तिथे थोडं चिकटलंय."

साहेब चिडलेच होते, पण फवारा मारला. सुंठीवाचून खोकला जातो तो असा. जाताना त्यांनी काकांना भरपूर सुनावलं आणि उद्या पाहणीला येतो अशी तंबी दिली. काका मान डोलावत म्हणाले, "या ना. जेवायलाच या."

त्या संध्याकाळी ड्रम घासून धुतला गेला, त्याला आतून तेलाचा हात दिला गेला आणि कोरड्या, बिनरंगाच्या लाकडांवर तो पुन्हा तापवला गेला. रविवारी पहाटेच जाळीवर कोंबड्या चढल्या. मंद विस्तव, मंद धूर. दुपारी मेहुणा रिकामा टेम्पो घेऊन आला. तो हात चोळत फाटकातून शिरला आणि वास आल्यावर जागीच थबकला.

काकांनी झाकण उचललं. कोंबड्यांना तांबूस सोनेरी रंग आला होता, आणि मांस हाडावरून नुसत्या चमच्याने सुटत होतं. मोठ्या बाई काळवंडलेला पडदा पुरावा म्हणून हातात घेऊन भांडायला आल्या होत्या. पहिल्या घासानंतर त्यांनी तोच पडदा मांडीवर पसरून घेतला. पाहणीला आलेले साहेब मिशा पुसत म्हणाले, "आगीत तसं आक्षेपार्ह काही दिसत नाही," आणि त्यांनी ताट पुढे केलं. काका प्रत्येकाला वाढत ताठ मानेने फिरत होते. त्यांनी सुरू केलेली वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच पुरी झाली होती, आणि तीही वेळेच्या आत.

"मग," काका बायकोसमोर उभे राहिले, "खोली कोणाची?"

"तुमचीच. शब्द म्हणजे शब्द," काकू म्हणाल्या. "पण ती आता रिकामी आहे हो. सगळं तर जाळलंत. सकाळी मी मशीन नेऊन ठेवलंय तिथे, उजेड छान येतो. तुमच्या हत्यारांना खिडकीखालची फळी ठेवलीय."

काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात काकूंनी त्यात मांसाचा एक तुकडा घातला. तो इतका सुरेख होता की काका वाद विसरले.

मेहुणा मात्र जेवून झाल्यावरही ड्रमभोवती घुटमळत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "भाऊजी, टेम्पो रिकामाच आहे. तुमच्या कारखान्यातून मलाही एक ड्रम मिळवून द्या ना. बाकी सगळं करतो मी. फक्त ते आतलं अस्तर कसं काढायचं तेवढं सांगा."

काकांनी हात धुतले, शांतपणे पुसले आणि ड्रमला टेकून उभे राहिले. त्यांच्या आवाजात अख्ख्या नोकरीचा रुबाब होता.

"आमचं अस्तर?" ते म्हणाले. "ते निघत नाही."