शांतिनगरचे केसपेपर बाबू

मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला रहांगडाले बाबू सर्वप्रथम त्याचे गाव विचारतात.

माणूस रस्त्यावर आडवा असतो, छातीत दोन गोळ्या असतात, पोलिसांच्या गाड्या भोवती केकाटत असतात, आणि बाबू पांढऱ्या ॲम्ब्युलन्समधून सावकाश उतरतात, खाकरतात आणि विचारू लागतात, "नाव? पूर्ण नाव सांगा. गाव? वय? सोबत कोन आहे?" जखमी माणूस हिंदीत विव्हळतो, "बाबूजी, पहले उठा तो लो!" बाबूंचे उत्तर ठरलेले असते.

"केसपेपर निघाल्याबिगर कोनी उठत नाही जी."

वाचकांनी घाबरून जाऊ नये. हा प्रकार आमच्या आमगावच्या रस्त्यावर घडत नाही. तो घडतो शांतिनगर नावाच्या शहरात, आणि ते शहर संगणकाच्या पडद्याबाहेर कोठेही नाही. देशभरातली माणसे त्या खेळात शिरून आपापली सोंगे घेतात. कोणी पोलीस होतो, कोणी टॅक्सीवाला, आणि बरेचसे दरोडेखोर होतात. कानाला हेडफोन लावून ते एकमेकांशी बोलतात. आमचे शेजारी टेकचंद रहांगडाले तेथे पॅरामेडिक आहेत. शांतिनगरात दर दहा मिनिटांनी गोळीबार होत असल्यामुळे त्यांना उसंत अशी नसते.

प्रत्यक्षात बाबूंनी एकतीस वर्षे एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढले. रुग्णाला हात लावण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीच आला नाही. लग्न राहून गेले. निवृत्तीनंतर भाचा पुण्याला नोकरीला गेला, आणि तेथल्या खोलीत मावेना म्हणून आपला भलाथोरला संगणक मामाकडे ठेवून गेला. त्यात हा खेळ होता. इतर कोणी तो पुसून टाकला असता. बाबूंनी रीतसर पॅरामेडिकच्या जागेसाठी अर्ज केला, आणि अनुभवाच्या रकान्यात 'आरोग्य खाते, एकतीस वर्षे' असे लिहून ती जागा मिळवली.

त्यांची सेवा मी गेली दोन वर्षे जवळून पाहत आहे. कामावर बसण्यापूर्वी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात. हेडफोनमधून शर्ट दिसत नाही, हे मी एकदा भीतभीत सुचवले. ते म्हणाले, "मले तं दिसते ना." शांतिनगरात सर्व वाहने विमानाच्या वेगाने धावत असता बाबू प्रत्येक लाल दिव्याला थांबतात. रुग्णाची वाट पाहताना गाडी झाडाच्या सावलीत उभी करतात, कारण उन्हात ती तापते. अर्जुनी मोरगावला पुतणीचे लग्न निघाले तेव्हा त्यांनी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज शांतिनगरच्या मुख्य अधिकारी बाईंकडे पाठवला. त्या बाई जबलपूरला राहतात आणि सारे खेळाडू त्यांना चीफ मॅडम म्हणतात. त्यांनी रजा मंजूर केली. मंजुरीचा कागद बाबूंनी छापून आणून फाईलला लावला आहे.

आणि ते रजिस्टर! बाजारातून आणलेले, लाल पाठीचे, जाड. शांतिनगरच्या प्रत्येक जखमीची नोंद त्यात शाईने होते. 'टायगर' नावाच्या एका दरोडेखोराला बाबूंनी "आधार कार्डावरचं नाव सांगा" असे बजावले होते. तो बिचारा बँक लुटण्याच्या गडबडीत असूनही 'प्रमोद, राहणार बिलासपूर' असे सांगून मोकळा झाला. शेवटचा रकाना 'सोबत कोण' हा. शांतिनगरात कोणाच्याच सोबत कोणी नसते. मग बाबू तेथे स्वतःचे नाव लिहितात. ते रजिस्टर मला दाखवताना मात्र पहिले पान अंगठ्याखाली दाबून ते दुसऱ्यापासून उघडत. "पहिलं पान असंच ठेवा लागते," एवढेच म्हणत.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. बोलणे मला मुळात जड जाते. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायची तर मी दोन दिवस वाक्य जुळवतो. पत्नी होती तोवर साखर तीच मागत असे. बाबूंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे. आमचा बराचसा स्नेह त्या भिंतीतूनच झाला.

तर या भिंतीतून एके सकाळी शांतिनगर ऐकू येईनासे झाले. मी गेलो. बाबू शर्ट न घालता बसले होते.

"काऊन जी बाबू, तब्येत?"

"तब्येतीले काय धाड भरली? मले खिडकीत टाकून राहिले, सर."

प्रकरण असे होते. त्या खेळात जखमी झालेल्याला पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात पॅरामेडिकने उठवले तर ठीक. नाही तर तो आपोआप दवाखान्याच्या दाराशी जागा होतो, आणि घडले ते आपल्याला काहीच आठवत नाही असे त्याने वागायचे, असा नियम आहे. बाबूंच्या केसपेपरपायी बरेच जण असे विस्मरणात गेले होते. तक्रारी साचल्या. रविवारी अकरा वाजता सुनावणी होती. बाबूंनी काम वेळेत करून दाखवले नाही, तर ॲम्ब्युलन्सची किल्ली जाणार होती आणि शांतिनगरच्या दवाखान्यात त्यांच्यासाठी मुद्दाम एक खिडकी उघडणार होते.

"एकतीस वर्सं खिडकीतून पाह्यलं, सर," बाबू म्हणाले. "गाडी ये, गाडी जाय. मी गाव लिहून घेओ आन् गाडी त्याच गावाले निघून जाय. एक दिवसही बसलो नाही तिच्यात." मग म्हणाले, "रविवारी तुम्ही याल का? सोबत कोनी असलं तं बरं रायते."

नकाराचे वाक्य जुळवायला वेळ मिळाला नाही, म्हणून मी हो म्हणालो. मुलीने दिलेल्या लॅपटॉपवर बाबूंनी मला शांतिनगरचा नागरिक करून दिले. कपडे निवडण्याचे मला जमले नाही; त्यामुळे सुनावणीला मी टक्कल, निळी बनियन आणि अर्धी चड्डी अशा वेषात हजर झालो.

सुनावणी दवाखान्याच्या गच्चीवर होती. मी माझ्या घरात बसलो होतो, बाबू त्यांच्या. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येई, एकदा भिंतीतून आणि मग जरा उशिराने कानातून. चीफ मॅडम समजूतदार वाटल्या.

"बाबूजी, लोग पड़े रहते हैं और आप गाँव पूछते हैं। क्यों?"

बाबूंनी प्रथम हिंदीत सुरुवात केली, मग ती सुटली. "मॅडम, तुमचाच नियम आहे का पाच मिनिटानं त्याले काही आठवत नाही. मंग आठवाले कोनीतरी पाह्यजे का नाही? लिहून नाही ठेवलं, तं तो मानूस इथं पडला होता असं उद्या सांगन कोन?"

टायगर ऊर्फ प्रमोद, राहणार बिलासपूर, हळूच म्हणाला, "मॅडम, बात तो सही है।" मॅडमनी सुस्कारा टाकला. "बात सही है, बाबूजी। पर मरीज़ तो उठना चाहिए ना।"

निर्णय बाबूंच्या विरुद्ध जाणार हे मला कळले. आपण काही बोलावे असे मला आयुष्यात प्रथमच तीव्रतेने वाटले. बोलण्यासाठी एक पाऊल पुढे यावे म्हणून मी एक बटण दाबले. ते जरा जास्त वेळ दाबले गेले असावे. निळ्या बनियनमधला मी मॅडमच्या शेजारून चालत चालत गच्चीच्या कडेपर्यंत गेलो, आणि तेथेही थांबलो नाही.

पडद्यावर घड्याळ दिसू लागले: पाच मिनिटे. वरून कोणीतरी म्हणाले, "अब बाबूजी इनका पूरा इतिहास लिखेंगे।" हशा झाला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबू खरोखरीच उभे राहिले होते. दवाखान्यामागे सावलीत उभी केलेली पांढरी गाडी कोपऱ्यावरचा लाल दिवा तोडून आली. बाबू उतरले. मी मनातल्या मनात नाव, गाव, वय तयार ठेवले होते. त्यांनी काहीच विचारले नाही. वाकून माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवले, आणि मी उठून बसलो. घड्याळात चार मिनिटे आणि वर काही सेकंद शिल्लक होते.

"बाबूजी," मॅडम म्हणाल्या, "इनका फॉर्म?"

"इनका भरा हुआ है, मैडम।"

किल्ली बाबूंकडे राहिली. आधी उठवायचे आणि मग लिहायचे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेण्यात आले.

मी लगेच शेजारी गेलो. बाबू घामाघूम होते, आणि शर्टाची इस्त्री पार गेली होती.

"माझा केसपेपर केव्हा भरलात?" मी विचारले.

त्यांनी रजिस्टर पुढे केले आणि पंख्याकडे पाहू लागले. पहिले पान. नोंद क्रमांक एक. माझे नाव, गाव आमगाव, वय. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. संगणक बाबूंच्या घरी येण्याच्या कितीतरी आधीची. पत्नीच्या तेरवीचा तो दुसरा दिवस. पाहुणे त्याच दिवशी सकाळच्या गाडीने परतले होते, आणि दुपारी मुलगीही गेली होती. 'सोबत कोण' या रकान्यात लिहिले होते: बाजूचा रहांगडाले.

मी पाने उलटली. शांतिनगरचे सारे चोर-पोलीस सापडले. एक नाव कोठेच नव्हते.

"तुमचा कुठे आहे?"

"खिडकीच्या आतल्या मानसाचा केसपेपर नसते, सर."

मी रजिस्टर माझ्याकडे ओढून घेतले आणि त्यांच्या खिशातला पेन काढला. "नाव? पूर्ण नाव सांगा," मी म्हणालो. बाबू सरळ बसले, गळ्याचे बटण लावले, आणि आपण प्रथमच भेटत आहोत अशा स्वरात त्यांनी नाव, गाव, वय सांगितले. शेवटच्या रकान्याविषयी मी काही विचारले नाही. लिहून टाकले.

बाबूंनी मान वाकडी करून ते उलट्या बाजूने वाचले. बराच वेळ वाचले.

"अक्षर जरा मोठं काढा, सर," ते म्हणाले. "खिडकीतून दिसाले पाह्यजे."