समुद्राचं मावंदं

ज्या जिल्ह्याला समुद्रच नाही, तिथे समुद्राचा अभ्यास अगदी निःपक्षपातीपणे होतो. जिंतूरचे प्राध्यापक दत्तराव यांनी म्हणूनच पीएच.डी.ला विषय घेतला : सागरी जीवाणूंकडून सेंद्रिय सोमलाचे विघटन. (मासळीच्या अंगातला सोमल, म्हणजे आर्सेनिक, संयुगात बांधलेला असतो तोवर निरुपद्रवी. जीवाणू ती बांधणी फोडतात आणि मूळचं विष मोकळं होतं.)

घाई मोठी होती. विद्यापीठाचं नामांतर आज होतं की उद्या, याचा नेम नव्हता आणि दत्तरावांना पदवी जुन्याच नावाची हवी होती. "आमचा कुणावर राग न्हाई," ते चहा पिता पिता सांगत, "पण सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं असतंय ना!" माणूस एवढा उदार, की दलित वस्तीतल्या पोरांना नापास करतानाही हसून करी.

रत्नागिरीहून त्यांनी जीवाणूंसकट समुद्र कॅनमध्ये भरून एस.टी.नं आणला आणि दमून झोपले. उठून पाहतात तो अंगणात पंगत बसलेली आणि आई, सरजाबाई, पळीपळीनं तीर्थ वाढतायत. कॅन रिकामा!

"माय, त्यात जंतू होते!"

"काशीच्या पाण्याचं मावंदं करत्यात, मग समुद्र काय हलका हाय? समद्या गंगा तिथंच जात्यात की. अन् जंतूंचंबी कल्याण झालं."

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सर नमुना बघायला येणार. ऐन उन्हाळा, गावातले आड कोरडे ठाक. पाणी होतं ते फक्त दलित वस्तीच्या विहिरीला आणि दत्तरावांच्या सात पिढ्यांत तिथे कुणी बादली सोडली नव्हती. शास्त्रासाठी त्यांनी एवढाही त्याग केला. भर दुपारी, वस्ती कामावर गेलेली बघून, कॅन भरला, वर खडेमीठ टाकलं. समुद्र तयार.

जीवाणूंनी काम चोख बजावलं. (निष्कर्ष आधीच टाइप झाले होते. जीवाणूंनी त्यांचा मान राखला.) पदवी मिळाली, जुन्या नावाची.

सरजाबाईंनी लगेच दुसरं मावंदं घातलं आणि कॅनमधला उरलेला समुद्र वाढायला घेतला. नामांतराविरुद्धच्या मोर्चात सगळ्यांत पुढे असणाऱ्या आबासाहेबांनी तीर्थ दोनदा मागून घेतलं, हात डोक्याला पुसला. दत्तराव हिशेब करू लागले. बोलावं तर पदवी जाते, न बोलावं तर धर्म बुडतो. तेवढ्यात मायनं त्यांच्याच तळहातावर पळी ओतली. दत्तरावांनी डोळे मिटले आणि पदवी वाचवली.

कुणालाच काही झालं नाही. पोटं दुखली नाहीत, मनंही नाहीत. ज्याच्या त्याच्या आतलं विष होतं तसंच नीट बांधलेलं राहिलं. तुम्हीही पंगतीत होताच की. हात धुताना एवढंच विचारलंत, तीर्थ जरा खारट होतं का?