हलक्या लॅपटॉपचा सत्कार

एका जंगलात एक पाणवठा होता, आणि पाणवठ्यात एक लाकूड होतं.

म्हणजे, ते लाकूड आहे असं जंगलातले ज्येष्ठ म्हणायचे. आणि मुलांनो, ज्येष्ठ म्हणतात ते खरंच असतं, हे तुम्हाला शाळेत घोटून घोटून शिकवलं असेलच. तेव्हा हाताची घडी घाला आणि ऐका.

लाकूड मोठं गुणी होतं. सकाळी या काठाला असायचं, दुपारी त्या काठाला. मनात आलं तर प्रवाहाच्या उलटंही जायचं. ते घाटाजवळ आलं की पाणी प्यायला आलेलं एखादं पिल्लू कमी व्हायचं.

"हल्लीची पिल्लं ऐकत नाहीत," ज्येष्ठ म्हणायचे, आणि विषय संपायचा.

याच जंगलात सुरंगी नावाची हरिणी राहायची. गेल्या उन्हाळ्यात तिचं थोरलं पाडस घाटावर गेलं आणि परत आलं नाही. तिने ज्येष्ठ मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने गंभीर चेहरे करून निकाल दिला: पाडस पहिल्यापासूनच चंचल होतं. ते स्वेच्छेने कुठेतरी गेलं आहे.

आता तिचं धाकटं पाडस, ठिपक्या, पाण्याच्या वयाचं झालं होतं. आईच्या दुधाने त्याची तहान भागेना. रोज विचारायचं, "आई, मी घाटावर कधी जायचं?"

सुरंगी रोज म्हणायची, "उद्या."

तुम्ही विचाराल, जंगलात दुसरं पाणी नव्हतं का? होतं की. टेकडीवर एक झरा होता. गार, नितळ, गुडघाभर. त्यात लाकूडबिकूड काही नव्हतं. पण ते मानाचं पाणी होतं. तिथे फक्त ज्येष्ठांनी प्यायचं. ते तिथेच बसायचे, तिथेच डुंबायचे, तिथेच दुपारी घोरायचे. इतरांना प्यायचं असेल तर मंडळाची परवानगी लागायची, आणि परवानगीसाठी सबळ कारण लागायचं. आपलं पिल्लू मरेल, हे कारण सबळ नव्हतं. ती भीती झाली. मंडळाला पुरावा हवा होता.

पुरावा आणला गिरजा घारीने.

गिरजा सुरंगीची मैत्रीण. जंगलात फोटो काढायला आलेल्या माणसांच्या जीपमधून तिने एक कॅमेरा आणि एक लॅपटॉप उचलला होता. चोरी वाईट असते, मुलांनो. पण घारीला दुकानात कोणी उभं करत नाही.

तिने घाटावर घिरट्या घातल्या, वरून व्हिडिओ घेतला, लॅपटॉपमध्ये उतरवला आणि लॅपटॉप पंजात धरून सुरंगीकडे आली. लॅपटॉप होताच तसा. वहीएवढा पातळ, वजनाला पिसासारखा, आत पंखासुद्धा नाही. जड असता तर तो इथवर आलाच नसता.

जांभळाच्या सावलीत, एका गार खडकावर तिने तो उघडला.

"हाय डेफिनिशन आहे," गिरजा म्हणाली. "मगरीच्या पापणीवरची माशीसुद्धा दिसेल."

व्हिडिओ सुरू झाला. कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. वाहत्या पाण्यासारखा सरळ चालला. घाट दिसला. रानडुकराचं एक पिल्लू पाणी पीत होतं. लांबवर लाकूड होतं. लाकडाने डोळा उघडला. लाकूड प्रवाहाच्या उलटं सरकलं, हळूच, एक लाटसुद्धा न उठवता. मग लाकडाला तोंड फुटलं, तोंडात दात दिसले, आणि पिल्लू दिसेनासं झालं.

सुरंगीने नाक पडद्याला टेकवलं. मग म्हणाली, "थोरल्याचंही असंच झालं असेल."

"चल," गिरजा म्हणाली. "हे त्या म्हाताऱ्यांना दाखवू. आता कसे नाही म्हणतात बघते."

बिचारी गिरजा. उंच उडायची ना, त्यामुळे ज्येष्ठांना तिने जवळून पाहिलेलं नव्हतं.

मंडळाची सभा झऱ्याकाठी भर उन्हात भरली. ज्येष्ठ स्वतः झाडांखाली बसले आणि लॅपटॉप मधल्या तापलेल्या कातळावर ठेवायला लावला. अध्यक्ष होते दंतोपंत हत्ती. का, तर त्यांच्यापेक्षा मोठं कोणी नव्हतं. सगळ्यांत वयोवृद्ध होते कासवतात्या. ते फार हळू बोलायचे, म्हणून सगळे त्यांना विचारवंत समजायचे. आणि तंत्रज्ञानाचं खातं होतं भालबा अस्वलाकडे. भालबांनी तरुणपणी एकदा मोबाइलच्या टॉवरवरचं मधाचं पोळं उतरवलं होतं. तेव्हापासून यंत्राचा विषय निघाला की सगळे त्यांच्याकडे बघायचे.

"दंतोपंतकाका," सुरंगी म्हणाली, "पाणवठ्यात मगर आहे. पुरावा आणलाय. माझ्या पिल्लाला झऱ्यावर पाणी पिऊ द्या."

"पोरी, आधी बस," दंतोपंत म्हणाले. "पुरावा कशात आहे?"

"यात." गिरजाने लॅपटॉपकडे चोच केली.

भालबांनी लॅपटॉप दोन बोटांत उचलला, वाऱ्यावर धरला, हुंगला. "हा? हा लॅपटॉप? हा तर पापड आहे!"

सभा हसली.

"काका, बटण दाबा, लगेच चालतो," गिरजा म्हणाली.

"बटण दाबायचं आम्हाला शिकवू नकोस," भालबा म्हणाले. "मी टॉवर चढलोय. हाय डेफिनिशन म्हणजे काय, ठाऊक आहे का? एकेका चित्रात काय दम लागतो! ते पेलायला यंत्र कसं पाहिजे? भक्कम. जड. आत पंखा पाहिजे, घूं घूं आवाज पाहिजे. याला पंखा आहे का?"

"नाही. लागतच नाही. तो आतली उष्णता पाठी-पोटातून बाहेर टाकतो. अंग मोकळं ठेवलं की झालं."

"ऐका!" भालबा सभेला म्हणाले. "म्हणे पाठी-पोटातून!"

कासवतात्यांनी मान बाहेर काढली. सगळे गप्प झाले. तात्या म्हणाले, "प्रश्न... असा आहे... की हलक्या... लॅपटॉपवर... हाय डेफिनिशन व्हिडिओ... सुरळीत... चालू शकतो का?"

"वा, तात्या, वा!" दंतोपंतांनी सोंड उंचावली. "मुद्द्याला हात घातलात."

बघितलंत, मुलांनो? मुद्दा मगरीचा होता. पाडसाचा होता. तात्यांनी तो एका वाक्यात लॅपटॉपचा केला. यालाच अनुभव म्हणतात.

"अहो, चालवून बघा ना!" सुरंगी कळवळून म्हणाली. "मी बघितलाय. चालतो!"

"चालवणार तर आहोतच," दंतोपंत म्हणाले. "पण आपल्या जंगलाची काही रीत आहे. नवा पाहुणा सभेत आला की आधी त्याचा सत्कार. मग काम."

आणि सत्कार सुरू झाला.

आधी लॅपटॉपला कुंकू लावलं. मग त्याच्या शेजारी समई पेटवली. मग जाडजूड लोकरीची शाल आणली. ही शाल दरवेळी तीच असायची. सत्कार झाला की दंतोपंत ती घरी घेऊन जायचे. त्यांनी ती लॅपटॉपच्या पाठीवरून घेतली, खालून गुंडाळली आणि पुढे गाठ मारली. सत्कारमूर्तीचं तोंड तेवढं उघडं राहावं तसा पडदा तेवढा उघडा राहिला. बटणांवर झेंडूचा हार पडला. हारावर नारळ आला.

गिरजा पंख फडफडवत पुढे आली. "काका, शाल नका घालू. तो तापेल. तापला की जळू नये म्हणून स्वतःच चाल मंद करतो. व्हिडिओ अडखळेल."

"शाल पांघरून कोणी अडखळतं का?" दंतोपंत म्हणाले. "मला इतक्या शाली घातल्या. मी अडखळलो?"

मग भाषणं झाली. दंतोपंतांनी आपल्या तारुण्याबद्दल सांगितलं. भालबांनी टॉवरबद्दल सांगितलं. तात्यांनी सुरुवात केली, आणि ऊन कातळाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं तेव्हा त्यांचं 'उपस्थित सज्जनहो' पूर्ण झालं. लॅपटॉप शालीत उकडत होता. ठिपक्या आईच्या पोटाशी उभा होता. त्याची जीभ कोरडी पडली होती आणि समोर हातभर अंतरावर झरा वाहत होता.

"आई, मी थोडंसं पिऊ?"

"ए!" भालबा ओरडले. "सभा चालू आहे ना!"

शेवटी एकदाचा दंतोपंतांनी सोंडेच्या टोकाने नारळ बाजूला सरकवला आणि बटण दाबलं.

व्हिडिओ सुरू झाला. घाट दिसला. रानडुकराचं पिल्लू दिसलं. लांबवर लाकूड दिसलं.

आणि चित्र थिजलं.

सभा वाट बघत बसली. भालबा घसा खाकरून दंतोपंतांकडे बघून हसले.

मग चित्राने धक्का खाल्ला आणि पुढे उडी मारली. घाट होता. लाकूड होतं, आता जरा जवळ. पिल्लू नव्हतं.

"पिल्लू कुठे गेलं?" एका सशाने विचारलं.

"घरी गेलं असेल," भालबा म्हणाले.

"मधलं गेलं!" सुरंगी किंचाळली. "मधलं दिसलंच नाही! जे बघायचं तेच गाळलं! शाल काढा, काका, ती शाल काढा आणि परत लावा!"

सभेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"शाल काढा?" दंतोपंतांनी शांतपणे विचारलं. शांतपणे म्हणजे कान फडकवत. "सत्काराची शाल? अंगावर घातलेली? काढायची?"

"हो! तो गुदमरतोय!"

"हेच संस्कार केलेस का पोरावर?" भालबा म्हणाले. "उद्या म्हणशील, अध्यक्षांनाही खुर्चीवरून काढा."

गिरजाने झेप घेऊन शाल चोचीत धरली. भालबांनी पंजा मारला. तिची दोन पिसं कातळावर पडली. ती फडफडत झाडावर जाऊन बसली.

मग तात्यांनी निकाल दिला. तो देता देता उन्हं उतरली, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो: हलक्या लॅपटॉपवर हाय डेफिनिशन व्हिडिओ सुरळीत चालू शकत नाही. सबब पुरावा बाद. सबब लाकूड हे लाकूड आहे. हरिणीच्या पिल्लाने उद्या सकाळी घाटावर जाऊन सर्वांसारखं पाणी प्यावं.

सुरंगीने ठिपक्याकडे बघितलं. झऱ्याकडे बघितलं. झऱ्याकाठी पसरलेल्या ज्येष्ठांकडे बघितलं. रोज सकाळ-संध्याकाळ ते तिथेच. एखाद्या सत्काराचं आमंत्रण आलं तरच उठायचे.

सुरंगी दोन पावलं पुढे आली.

"काका," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. तुम्ही म्हणता ते लाकूडच असणार."

"आली ताळ्यावर," भालबा म्हणाले.

"किती वर्षं बिचारं पाण्यात पडून आहे. कधी तक्रार नाही, कधी उलट बोलणं नाही. आजच्या पिढीत असं कोण आहे? मला वाटतं, त्याचा सत्कार व्हायला हवा. उद्या सकाळी, घाटावर. सगळ्या मंडळाच्या उपस्थितीत."

दंतोपंतांचे डोळे भरून आले. "पोरी," ते म्हणाले, "इतके दिवस हे आम्हाला कसं सुचलं नाही?"

"फक्त एक सांगते," सुरंगी म्हणाली. "ती मगर आहे. जवळ जाऊ नका."

"झालं हिचं परत सुरू!" भालबा हसले, आणि सगळं मंडळ हसलं.

लक्षात ठेवा, मुलांनो. तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झरा ओस पडला. झाडून सगळं मंडळ घाटावर गेलं. दंतोपंतांनी प्रास्ताविक केलं. भालबांच्या हातात नारळ होता. शाल घालायचा मान वयाने कासवतात्यांचा. तात्या शाल पाठीवर घेऊन एकेक पाय टाकत पाण्यात उतरले. लाकूड आपणहून थोडं जवळ आलं.

"किती... नम्र..." तात्या म्हणाले.

मग फट्‌ करून आवाज झाला.

"नारळ आत्ताच का फोडलात?" दंतोपंत रागावले.

भालबांनी हाताकडे पाहिलं. नारळ तसाच होता.

पाण्यावर शाल तरंगत होती.

त्याच वेळी टेकडीवर ठिपक्या झऱ्यात तोंड घालून पाणी पीत होता. प्यायचा, थांबायचा, आईकडे बघून नाकातून पाणी उडवायचा, परत प्यायचा. काठावरच्या खडकावर गिरजाने लॅपटॉप उघडा ठेवला होता. हार काढलेला, कुंकू पुसलेलं, अंग मोकळं. व्हिडिओ चालू होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडकता. जंगलातली सगळी पिल्लं भोवती बसून बघत होती. लाकडाने डोळा उघडला तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. त्या दिवसापासून एकही पिल्लू घाटाकडे फिरकलं नाही. परवानगी कुणी मागितली नाही, आणि ओरडायला झऱ्याकाठी कुणी नव्हतं.

कारण मंडळ आता रोज घाटावरच असतं. आधी तात्यांची शोकसभा झाली. मग तात्यांच्या स्मारकाची बैठक झाली. मग लाकडाचा अर्धवट राहिलेला सत्कार पूर्ण करण्यासाठी स्वागत समिती नेमली गेली. समितीचे सदस्य अधूनमधून कमी होतात, पण पदं रिकामी राहत नाहीत.

आणि तात्यांचं काय झालं याची रीतसर चौकशीही झाली. दंतोपंतांनी निष्कर्ष वाचून दाखवला, तेव्हा भालबांनी डोळे पुसले.

"तात्या पहिल्यापासूनच चंचल होते. ते स्वेच्छेने कुठेतरी गेले आहेत."

तात्पर्य: मोठ्यांचा मान ठेवावा, मुलांनो. त्यांना कार्यक्रमाला आवर्जून बोलवावं, पुढच्या रांगेत बसवावं, भाषण करू द्यावं. तेवढ्या वेळात आपल्याला पाणी पिऊन घेता येतं. आणि हो, हलक्या लॅपटॉपवर हाय डेफिनिशन व्हिडिओ अगदी सुरळीत चालतो. फक्त तो ज्येष्ठांच्या हाती देऊ नये.